ऑगस्टमधली क्रमवारी डिसेंबरमध्ये कुणाचा घात करते? (कॉलेज फुटबॉल)

कोयनाकाठ (धागाकर्ता)

अमेरिकेत राहणारी इथली बरीच मंडळी शनिवारी कॉलेज फुटबॉल बघतात हे गप्पांच्या पानांवरून कळतं, पण त्यातल्या क्रमवारीवर, म्हणजे रँकिंगवर, वेगळी चर्चा झालेली दिसली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नोटर डेम आणि मायामी या दोन विद्यापीठांच्या संघांवरून जे रामायण झालं (मायामी बाद फेरीत, नोटर डेम बाहेर) त्यानंतर हा विषय मनातून जाईना, म्हणून धागा काढतोय.

ज्यांना या खेळाची सवय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. वरच्या श्रेणीत २०२५ साली १३६ संघ होते आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १२ सामने. सगळे सगळ्यांशी खेळणं सोडाच, पहिल्या दहातल्या दोन संघांची हंगामभरात एकदा तरी गाठ पडेल याची खात्री नाही. त्यामुळे वरचढ कोण हे कुणीतरी ठरवावं लागतं. असोसिएटेड प्रेस (एपी) ही वृत्तसंस्था १९३६ पासून क्रीडापत्रकारांची मतं घेऊन दर आठवड्याला क्रमवारी काढते. हल्ली साठेक पत्रकार मत देतात. प्रत्येकाने पंचवीस नावं लिहायची, पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं करत शेवटच्याला १. प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी १९५० पासून आहे. आणि २०१४ च्या हंगामापासून प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, कोण जाणार हे १३ जणांची निवड समिती ठरवते. आधी चार संघ जायचे, २०२४ पासून बारा.

या क्रमवाऱ्यांवर आक्षेप पुष्कळ घेतले जातात. पत्रकार आपल्या भागातल्या संघांना झुकतं माप देतात. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने पूर्वेकडच्या घड्याळात मध्यरात्रीनंतर संपतात आणि रविवारी मतपत्रिका भरणाऱ्याने ते पाहिलेलेच नसतात. जुन्या मातब्बर नावांचं वजन पडतं. हे सगळं खरं आहे. पण माझ्या मते मूळ अन्याय त्याच्याही आधी होतो, ऑगस्टमध्ये, जेव्हा एकही सामना झालेला नसतो आणि तरीही पहिली क्रमवारी छापून येते.

२००४ चं उदाहरण घ्या. हंगामाआधीच्या एपी क्रमवारीत सदर्न कॅलिफोर्निया (यूएससी) पहिलं, ओक्लाहोमा दुसरं, ऑबर्न सतरावं. विजेतेपदाच्या सामन्याआधी तिन्ही संघांनी आपले सगळे सामने जिंकले. ऑबर्न तर एसईसीचं विजेतं, म्हणजे देशातल्या सगळ्यात कठीण मानल्या जाणाऱ्या परिषदेत (कॉन्फरन्स, संघांचा गट) त्यांना कुणी हरवू शकलं नाही. सतराव्यावरून पायरी पायरी चढत ते तिसऱ्यापर्यंत आले आणि तिथेच अडकले, कारण पुढचे दोघे हरलेच नाहीत. त्या काळी विजेतेपदाच्या सामन्यात दोनच संघांना जागा होती. तो सामना यूएससीने ५५-१९ असा जिंकला. ऑबर्नने शुगर बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात व्हर्जिनिया टेकला हरवलं, १३ विजय आणि शून्य पराभव असा हंगाम संपवला आणि दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानलं. त्या मुलांनी आणखी काय करायला हवं होतं? त्यांच्या हातातलं सगळं त्यांनी केलं. ऑगस्टमध्ये मतदारांनी त्यांना सतरावं ठरवलं होतं, एवढंच त्यांच्या हातात नव्हतं.

मतदार दर रविवारी कोऱ्या कागदापासून सुरुवात करत नाही. गेल्या आठवड्याची यादी समोर घेतो, हरलेल्याला खाली ढकलतो, बाकीचे आपोआप वर सरकतात. म्हणून यादीत सुधारणा होते ती फक्त हरणाऱ्याची. दोन अपराजित संघांचा आपसातला क्रम ऑगस्टमध्ये लावलेलाच राहतो, मग मधल्या तीन महिन्यांत एकाने बलाढ्यांना आणि दुसऱ्याने लिंबूटिंबूंना हरवलेलं असलं तरी.

माझी मागणी साधी आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत कुणीही क्रमवारी काढू नये. तोवर पाचेक सामने झालेले असतात आणि बोलायला काहीतरी पुरावा असतो. तुम्हा सगळ्यांना काय वाटतं?


बोरीबंदर

चांगला विषय. मी मुंबईत असतो, भाच्यामुळे हा खेळ थोडाफार बघायला लागलो. तो टेक्सासात एमएस करतोय. माझा बाळबोध प्रश्न : यांच्याकडे सरळ गुणतालिका का नाही? प्रत्येक गटातले पहिले दोन बाद फेरीत, असं का करत नाहीत? एवढी श्रीमंत स्पर्धा आणि प्रवेश मतदानाने, हे पचत नाही.


अबोली

बोरीबंदर, प्रश्न बाळबोध नाही, तोच खरा प्रश्न आहे. याच खेळाच्या खालच्या श्रेणीत १९७८ पासून रीतसर बाद फेरी आहे. वरच्या श्रेणीत मात्र नव्या वर्षाच्या सुमाराला होणारे बोल सामने आधीपासून होते. प्रत्येक बोल म्हणजे एकेका शहराचा उत्सव, त्यात ठरलेल्या परिषदांशी ठरलेले करार, हॉटेलांचा धंदा, परेड. बाद फेरी आली असती तर हे सगळं मोडलं असतं, म्हणून कुणाला ती नको होती. मग विजेता ठरवायला उरली फक्त मतं. गंमत अशी नाही की मतं होती. खेदाची गोष्ट अशी की १९६० च्या दशकात बहुतेक वर्षी एपीची शेवटची क्रमवारी बोल सामन्यांच्या आधीच जाहीर व्हायची. प्रशिक्षकांची तर १९७३ च्या हंगामापर्यंत. १९७३ साली प्रशिक्षकांनी अलाबामाला विजेतं ठरवलं, आणि मग शुगर बोलमध्ये नोटर डेमने त्यांना २४-२३ असं हरवलं. विजेतेपद तरीही अलाबामाकडेच राहिलं.

१९६६ चं काय सांगू. नोटर डेम आणि मिशिगन स्टेट यांचा सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. दोघेही अपराजित म्हणून पहिले आणि दुसरे. अलाबामाने एकही सामना न हरता, एकही बरोबरी न करता हंगाम संपवला आणि तिसरे आले.


शून्यलब्धी

कोयनाकाठ, तुमच्या ऑगस्टच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा, पण उपाय अर्धवट वाटतो. ऑक्टोबरमध्ये मतदान सुरू केलं तरी मतदार तेच, त्यांच्या डोक्यातली नावं तीच. एपीने ऑगस्टमध्ये यादी छापली नाही म्हणून ती मनात तयार होत नाही असं थोडंच आहे? मी सांख्यिकीत काम करतो, तेव्हा माझा कल कुठे असणार हे उघड आहे : सूत्र वापरा, आणि ते सगळ्यांसमोर ठेवा.

१९९८ ते २०१३ या काळात बीसीएस पद्धत होती. त्यात दोन मतदान-क्रमवाऱ्या आणि काही संगणकीय क्रमवाऱ्या यांचं मिश्रण करून पहिले दोन संघ काढायचे. आज लोक ‘संगणकाने घोळ घातला’ एवढंच लक्षात ठेवतात, कारण २००३ मध्ये पत्रकार आणि प्रशिक्षक या दोघांच्याही यादीत पहिलं असलेलं यूएससी अंतिम सामन्याला मुकलं. त्याच आठवड्यात ओक्लाहोमा स्वतःच्या परिषदेचा अंतिम सामना कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असा हरलं होतं, तरी बेरजेत पहिलं राहिलं. शेवटी लुइझियाना स्टेटने (एलएसयू) ओक्लाहोमाला हरवलं, प्रशिक्षकांचं विजेतेपद एलएसयूला, एपीचं यूएससीला. एका हंगामाचे दोन विजेते.

लोकांचा संताप रास्त होता. पण त्यानंतर केलं काय, तर संगणकांचं वजन एक तृतीयांशावर आणलं आणि मतदानाचं दोन तृतीयांश केलं. त्याआधी, २००१ च्या हंगामानंतर, विजयातला गुणफरक सूत्रांमधून काढून टाकायला लावला होता. म्हणजे २-० आणि ५०-० संगणकाला सारखेच. यामागे कारण होतं : दुबळ्या संघाला शेवटच्या मिनिटापर्यंत तुडवत राहण्याला बक्षीस मिळू नये. हे मला पटतं, तरी त्यामुळे सूत्रांच्या हातातली अर्धी माहिती गेली. आधी हात बांधायचे आणि मग म्हणायचं की यांना पोहता येत नाही.

नंतरच्या काळात अशा सहा संगणकीय क्रमवाऱ्या होत्या, त्यांपैकी एक वेस्ली कोली या खगोलभौतिकशास्त्रज्ञाची होती. तिचा पाया फार सुंदर आहे. संघाचे जिंकलेले सामने अधिक १, भागिले खेळलेले सामने अधिक २. एकही सामना न खेळलेल्या संघाचं उत्तर येतं बरोबर अर्धा, आणि ते १३६ च्या १३६ संघांसाठी. ना ऑबर्न सतरावं, ना यूएससी पहिलं. त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीप्रमाणे आकडे दुरुस्त होत जातात. तुमची ऑगस्टची तक्रार इथे मुळातच मिटते.

आणि सहांपैकी फक्त कोलींनीच आपलं सूत्र पूर्णपणे जाहीर केलेलं होतं. २०१० मध्ये त्यांच्या आकडेमोडीत खालच्या श्रेणीतला एक सामना नोंदवायचा राहिला. बाहेरच्या एका विश्लेषकाने ते शोधून काढलं, चूक दुरुस्त झाली आणि एलएसयू व बॉइसी स्टेट यांची दहाव्या-अकराव्या क्रमांकावर अदलाबदल झाली. अनेकांनी याचा वापर संगणकांवर टीका करायला केला. माझ्या दृष्टीने हा त्या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण आहे : चूक सापडू शकली. तेरा माणसांच्या मनात काय चुकलं हे बाहेरून कोण शोधणार?


चांदणचुरा

सूत्राबद्दल आदर आहे, पण मी माणसांच्या बाजूने बोलणार आहे.

खेळ कागदावर उतरत नाही. प्रमुख खेळाडू जायबंदी असताना झालेला पराभव, वादळात खेळलेला सामना, पंचांचा एखादा निर्णय, हे जाणत्या माणसाला दिसतं. १९९० मध्ये मिसूरीविरुद्ध कोलोरॅडोला पंचांच्या मोजणीतल्या चुकीमुळे चारऐवजी पाच प्रयत्न मिळाले आणि पाचव्या प्रयत्नावर त्यांनी सामना ३३-३१ जिंकला. सूत्रात हा एक विजय. माणूस मात्र विचार करतो.

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला परीक्षक असतात. २०२२ मध्ये त्यांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही म्हणून मुख्य करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला. तरी पुढच्या वर्षी परीक्षक नकोत, गुणपत्रिकेचं यंत्र आणा, असं कुणी म्हणालं नाही. जाणकारांच्या मतावर थोडा विश्वास ठेवावा लागतो.

शिवाय कोयनाकाठ, मतदार तुम्ही म्हणता तितके ऑगस्टला चिकटून राहत नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये टेक्सास पहिलं, पेन स्टेट दुसरं, क्लेमसन चौथं होतं. ऑक्टोबर अर्धा व्हायच्या आत पेन स्टेट यादीबाहेर आणि त्यांच्या प्रशिक्षकांची नोकरीही गेली. विसावं मानलेलं इंडियाना डिसेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. यादी सुधारते की!


कोयनाकाठ (धागाकर्ता)

चांदणचुरा, कोलोरॅडोचं उदाहरण तुम्ही फार चुकीच्या जागी दिलंत. सगळ्या जाणत्या पत्रकारांना तो पाचवा प्रयत्न माहीत होता, आणि १९९० मध्ये त्यांनी कोलोरॅडोलाच विजेतं ठरवलं! प्रशिक्षकांनी जॉर्जिया टेकला दिलं. माणसाने विचार केला, पण तो निकालात कुठे उतरला?

पेन स्टेट आणि क्लेमसन घसरले कारण ते हरले. मी वर तेच लिहिलंय. हरणाऱ्याची दुरुस्ती पटकन होते. इंडियानाही वर आलं ते त्याच्या पुढचे हरत गेले म्हणून, आणि ओहायो स्टेटला त्यांनी परिषदेच्या अंतिम सामन्यात समोरासमोर हरवलं म्हणून. ती गाठ पडलीच नसती तर? मी स्वतः कोलंबसमध्ये राहतो, शेजारीपाजारी सगळे ओहायो स्टेटवाले, आणि त्यांच्यातलेही कित्येक मान्य करतात की तो सामना झाला नसता तर पहिला क्रमांक त्यांचाच राहिला असता.

परीक्षकांबद्दल : नाटकाला गुणफलक नसतो, म्हणून परीक्षक लागतात. इथे दर शनिवारी गुणफलक असतो. जिथे मैदान उत्तर देऊ शकतं तिथे माणसाच्या मताला जागा किती द्यायची, एवढाच वाद आहे.


रानजाई

मी फ्लोरिडात राहते आणि हा धागा वाचून २०२३ चा ३ डिसेंबर पुन्हा आठवला. कुणीतरी तो विषय काढेल म्हणून थांबले होते, आता मीच लिहिते.

फ्लोरिडा स्टेट. १३ सामने, १३ विजय, एसीसी या परिषदेचं विजेतेपद. १८ नोव्हेंबरला त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. त्यानंतर दुसऱ्या क्वार्टरबॅकला घेऊन त्यांनी फ्लोरिडाला २४-१५ हरवलं. मग दुसराही जायबंदी झाला, तेव्हा तिसऱ्याला, पहिल्याच वर्षाला असलेल्या मुलाला, घेऊन परिषदेचा अंतिम सामना लुइव्हिलविरुद्ध १६-६ जिंकला. बचाव फळीने अक्षरशः जीव ओतला त्या सामन्यात. दुसऱ्या दिवशी समितीने मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा अशी चार नावं जाहीर केली. अलाबामाचा एक पराभव होता, तोही स्वतःच्या मैदानावर. पाच बड्या परिषदांपैकी एकीचा अपराजित विजेता प्लेऑफबाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ.

समितीचं म्हणणं, ट्रॅव्हिसशिवाय हा संघ तो संघ राहिला नाही. प्रमुख खेळाडू नसणं विचारात घ्यायची मुभा त्यांच्या नियमावलीत आहे, हे मान्य. पण याचा अर्थ काय होतो बघा. मैदानावर घडलेल्या १३ गोष्टी बाजूला ठेवल्या आणि न घडलेली चौदावी गोष्ट, म्हणजे हे पुढे हरतील, खरी धरली. ट्रॅव्हिसने तेव्हा लिहिलं होतं की माझा पाय हंगामात आधीच मोडायला हवा होता, म्हणजे हा संघ माझ्याहून मोठा आहे हे सगळ्यांना दिसलं असतं. एका जायबंदी मुलावर असं लिहायची वेळ आली, हे मला आजही सहन होत नाही.

चांदणचुरा, तुम्ही जाणत्या माणसांबद्दल बोलता. २०१४ साली ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले. तिसरा, कार्डेल जोन्स, बिग टेन या त्यांच्या परिषदेच्या अंतिम सामन्यात उतरला, ५९-० असा विजय मिळाला, समितीने पाचव्यावरून चौथ्यावर आणलं, आणि त्याच संघाने विजेतेपद जिंकलं. म्हणजे तिसऱ्या क्वार्टरबॅकवर संघ अजिंक्य ठरू शकतो हे समितीला पहिल्याच वर्षी कळलेलं होतं. त्याच आठवड्यात टीसीयूने ५५-३ असा सामना जिंकला आणि तिसऱ्यावरून सहाव्यावर गेले. जिंकून तीन पायऱ्या खाली. टीसीयूचा पाय मोडला नव्हता, त्यांच्या परिषदेत अंतिम सामना नव्हता इतकंच.

आणि ‘बघा, ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने ६३-३ ने लोळवलं, समितीचंच बरोबर होतं’ असं कृपया कुणी लिहू नका. त्या सामन्याला अर्ध्याहून जास्त नेहमीचे खेळाडू उतरलेच नव्हते.


चांदणचुरा

रानजाई, ५९-० आणि १६-६ यात फरक आहे, आणि समितीने तोच पाहिला. चार जागांत सगळ्यात ताकदवान चार संघ पाठवायचे असतील तर तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. अलाबामाने आदल्याच दिवशी जॉर्जियाला हरवलं होतं, ज्या जॉर्जियाला त्याआधी बराच काळ कुणी हरवलं नव्हतं. पण त्या मुलांचं दुःख मी नाकारत नाही.


रानजाई

मग स्पष्ट सांगा ना, की ताकद मोजायची आहे, निकाल नाही. तसं असेल तर सामने खेळवायचेच कशाला.


बोरीबंदर

वाचतोय आणि शिकतोय. हे तेरा जण असतात कोण? आणि त्यांच्यातला कुणी एखाद्या कॉलेजशी संबंधित असेल तर?


अबोली

बहुतेक जण विद्यापीठांचे क्रीडासंचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू, एखाददुसरा माजी पत्रकार. स्वतःच्या संस्थेवर चर्चा चालू असताना सभासदाने खोलीबाहेर जायचं असा नियम आहे. पण आपल्या संस्थेच्या शेजारी ज्या संघाचा क्रमांक लागणार आहे, त्याच्या चर्चेत तो बसू शकतो. हे मला फार लंगडं वाटतं.

प्रशिक्षकांच्या मतदानात तर तेवढाही आडपडदा नाही. प्रशिक्षक स्वतःच्या संघाला मत देऊ शकतो, आणि कित्येकांच्या करारात वरच्या क्रमांकासाठी बक्षिसी असते. शनिवारी स्वतःचा सामना चालवणारा माणूस बाकीचे सामने बघणार कधी, हा वेगळाच प्रश्न. २००६ मध्ये ओहायो स्टेटशी अंतिम सामन्यात मिशिगन खेळणार की फ्लोरिडा हे मतांवर ठरणार होतं, तेव्हा ओहायो स्टेटचे प्रशिक्षक जिम ट्रेसल यांनी शेवटच्या मतपत्रिकेवर मत द्यायलाच नकार दिला. आपला प्रतिस्पर्धी आपणच निवडायचा हे त्यांना बरोबर वाटलं नाही. मला तो माणूस त्या दिवशी मोठा वाटला, आणि पद्धत तितकीच छोटी.

२००४ मध्ये टेक्सासचे प्रशिक्षक मॅक ब्राउन यांनी मतदारांना उघड आवाहन केलं होतं. शेवटच्या आठवड्यात टेक्सासने कॅलिफोर्नियाला मागे टाकलं आणि रोझ बोलची जागा त्यांना मिळाली. त्याच महिन्यात एपीने आपली क्रमवारी बीसीएससाठी वापरू नका असं कळवलं. पत्रकारांचं काम बातमी देणं आहे, त्यांच्या मतावर कोट्यवधी डॉलर हलू लागले की ते बातमीचाच भाग होतात, हे त्यांनी ओळखलं. त्या निर्णयासाठी एपीला मी मनापासून मान देते.

आता दूरचित्रवाणीचं. प्लेऑफ दाखवण्याचे हक्क ईएसपीएन या क्रीडावाहिनीकडे, एसईसीचे सगळे हक्क ईएसपीएनकडे, आणि समितीची यादी दर मंगळवारी जाहीर होते ती ईएसपीएनच्याच कार्यक्रमात. कुणी कुणाच्या कानात काही सांगतं असा आरोप मी करणार नाही. पण निकाल देणारा, तो दाखवणारा आणि त्यातून कमावणारा इतके जवळ बसू नयेत.


शून्यलब्धी

+१ अबोली.

बोरीबंदर, तुमच्या मूळ प्रश्नाला आणखी एक उत्तर. हे करता येत नाही असं मुळीच नाही, कारण याच विद्यापीठांमध्ये ते चालू आहे. पुरुषांच्या कॉलेज आइस हॉकीत राष्ट्रीय स्पर्धेला १६ संघ जातात. परिषदांचे विजेते थेट, उरलेल्या जागा निव्वळ सूत्राने. आधी पेअरवाइज नावाची पद्धत होती, २०२५-२६ पासून नवीन निर्देशांक आहे. समितीला संघ निवडण्याचा अधिकार नाही. शेवटच्या शनिवारी सामने संपले की घरबसल्या कुणीही हिशेब करून सोळा नावं सांगू शकतो. मिशिगन, मिनेसोटा, बॉस्टन कॉलेज, तेच विद्यार्थी, तेच प्रेक्षक. कुणी हरल्याचं दुःख करतं, पण आम्हाला डावललं असं कुणाला म्हणता येत नाही.


चांदणचुरा

हॉकीत ३४-३५ सामने होतात, फुटबॉलमध्ये १२. एवढ्या कमी माहितीवर सूत्रही अंदाजच करतं, फक्त आत्मविश्वासाने. तुम्ही सांख्यिकीतले, हे तुम्हालाच जास्त ठाऊक.

कोयनाकाठ, धागा ज्यावरून काढला त्या मायामीकडे वळूया का? मायामीने नोटर डेमला ३१ ऑगस्टला २७-२४ हरवलं होतं. दोघांचे पराभव दोन-दोन. समितीने मायामीला दहावं आणि नोटर डेमला अकरावं ठेवलं, मायामी आत, नोटर डेम बाहेर (बारापैकी काही जागा परिषदांच्या विजेत्यांना राखीव असतात). मैदानाने उत्तर दिलं होतं आणि समितीने ते मानलं. तुम्हाला तर आनंद व्हायला हवा.


कोयनाकाठ (धागाकर्ता)

शेवटचा क्रम बरोबरच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्याआधीच्या पाच याद्यांबद्दल आहे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला समितीची पहिली यादी आली तेव्हा नोटर डेम दहावं होतं आणि मायामी अठरावं. मायामी तोवर लुइव्हिल आणि एसएमयूकडून हरलं होतं, ते धरूनही आठ क्रमांकांचं अंतर. त्यानंतर प्रत्येक मंगळवारी नोटर डेम मायामीच्या वर. शेवटच्या आठवड्यात दोघांपैकी कुणाचाही सामना नव्हता. घडलं एवढंच की त्यांच्या मध्ये असलेलं बीवाययू परिषदेच्या अंतिम सामन्यात टेक्सास टेककडून ३४-७ हरलं आणि खाली गेलं. मग समितीचं स्पष्टीकरण असं, की आता हे दोघे यादीत शेजारी आले म्हणून आम्ही त्यांचा आपसातला सामना विचारात घेतला. म्हणजे ३१ ऑगस्टचा निकाल डिसेंबरपर्यंत पेटीत ठेवलेला होता, आणि पेटी उघडली तिसऱ्याच संघाच्या पराभवामुळे! बीवाययू जिंकलं असतं तर तोच २७-२४ निरर्थक ठरला असता का? याचं उत्तर मला कुठेच मिळालेलं नाही.

त्याच दिवशी अलाबामा एसईसीच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून २८-७ हरलं आणि नवव्या क्रमांकावर जागचं हललंही नाही. बीवाययूचा पराभव मोजला, अलाबामाचा मोजला नाही.

नोटर डेमच्या मुलांनी पहिले दोन सामने एकूण चार गुणांच्या फरकाने गमावले आणि पुढचे दहा सलग जिंकले. पाच आठवडे त्यांना सांगितलं की तुम्ही आत आहात. त्यांनी रागाने बोल सामनाच नाकारला, ते मला आवडलं नाही, पण राग समजतो. मायामी पुढे थेट अंतिम सामन्यापर्यंत गेलं, म्हणजे त्यांची पात्रता होतीच. ती पहिल्या मंगळवारीही तेवढीच होती. ऑगस्टमध्ये एपीने नोटर डेमला सहावं आणि मायामीला दहावं ठेवलं होतं, आणि त्यांचा आपसातला निकाल लागल्यावरही तो मूळ क्रम नोव्हेंबरात परत येऊन बसला. मी धाग्याच्या सुरुवातीला म्हणालो ते यापेक्षा स्पष्ट कसं दाखवू?


रानजाई

आणि पुढे काय होणार आहे ते बघा. २०२६ पासून नोटर डेम पहिल्या बारात असेल तर त्यांची जागा नक्की, असा करार आधीच झालेला आहे. परिषदेत नसलेल्या एका बड्या संस्थेला लेखी हमी. जेम्स मॅडिसन किंवा टुलेन अशा छोट्या संघांना अशी हमी कोण देणार? यूसीएफने २०१७ मध्ये १३ पैकी १३ जिंकले, त्याच हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया दोघांनाही हरवलेल्या ऑबर्नला त्यांनी पीच बोलमध्ये ३४-२७ असं हरवलं. समितीच्या शेवटच्या यादीत ते बारावे होते. शून्यलब्धी, तुमच्या कोलींच्या सूत्रात मात्र ते पहिले आले होते ना?


शून्यलब्धी

हो, पहिले. त्या जोरावर यूसीएफने स्वतःला राष्ट्रीय विजेतं म्हणवून घेतलं आणि कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिच्या नोंदपुस्तकात ती नोंद आहे. यूसीएफ खरंच अलाबामापेक्षा भारी होतं का, मला शंका आहे. पण खेळून बघायची संधी त्यांना मिळायला हवी होती, याबद्दल शंका नाही.

चांदणचुरा, १२ सामन्यांचा मुद्दा बरोबर आहे. सूत्राची अनिश्चितता मोठी असते. माझं उत्तर असं की ती अनिश्चितता सगळ्यांसाठी सारखी असते, आणि हंगामाआधी नियम माहीत असतो. नवव्या आणि अकराव्यात फरक करता येत नसेल तर समितीलाही तो करता येत नाही.


अबोली

एक गोष्ट कुणी बोललं नाही. ऑगस्टची यादी बंद केली, सूत्र आणलं, तरी वेळापत्रकाचं काय? बिग टेन परिषदेअंतर्गत नऊ सामने खेळते, एसईसी इतकी वर्षं आठच खेळत आली. नवव्या सामन्याच्या जागी नोव्हेंबरमध्ये एखाद्या खालच्या श्रेणीतल्या संघाला बोलावून घरच्या मैदानावर विजय पदरात पाडून घ्यायचा. २०२६ पासून एसईसीही नऊ खेळणार आहे, हे चांगलं झालं. पण परिषदा आता इतक्या फुगल्यात की एकाच परिषदेतले दोन संघ सलग काही वर्षं एकमेकांना भेटत नाहीत. बिग टेनमध्ये १८ संघ! तिथे अंतिम सामन्यात जाणारे दोन कसे ठरवायचे, हा परत क्रमवारीचाच प्रश्न झाला.

माझी मागणी कोयनाकाठपेक्षा थोडी वेगळी : परिषदांचे विजेते थेट आत, उरलेल्या जागांसाठी खुलं सूत्र, आणि मतदानाच्या क्रमवाऱ्या चाहत्यांच्या गप्पांसाठी राहू देत. ऑगस्टमध्येही राहू देत, मला त्या वाचायला आवडतात. फक्त त्यांचा प्रवेशाशी संबंध नको.


कोयनाकाठ (धागाकर्ता)

अबोली, संबंध नको म्हटल्याने संबंध राहत नाही असं होत नाही. कागदोपत्री आजही समितीचा आणि एपीचा संबंध नाहीच. समिती आपली यादी कोऱ्या कागदापासून बनवते असं सांगते. पण ते तेरा जण ऑगस्टपासून तेच आकडे बघतात. प्रत्येक सामन्याच्या पडद्यावर संघाच्या नावाआधी तो लहानसा आकडा असतो. ‘सहाव्या क्रमांकावरच्या संघाला हरवलं’ हे वाक्य सप्टेंबरमध्ये हजारदा कानावर पडतं, आणि तो सहावा क्रमांक कुणाच्याच खेळण्यावरून आलेला नसतो. क्लेमसन २०२५ मध्ये चौथं होतं म्हणून पहिल्याच सामन्यात त्यांना हरवणाऱ्या एलएसयूला केवढं डोक्यावर घेतलं होतं. क्लेमसनने हंगाम ७ विजय आणि ६ पराभव असा संपवला.

विजेते थेट आत, याला माझी हरकत नाही. सूत्रालाही नाही, शून्यलब्धींनी ते उघड्यावर मांडायची अट घातली आहे तोवर. पण त्यासाठी परिषदा, वाहिन्या, विद्यापीठं सगळ्यांचं एकमत लागेल आणि त्याला वर्षं जातील. ऑगस्टची यादी थांबवायला फक्त एका वृत्तसंस्थेचा निर्णय लागतो. २००४ मध्ये त्यांनी एक असाच निर्णय घेऊन दाखवला आहे.